सगळं ठीक आहे

नोकरीत मी खून पाहिले, दरोडे पाहिले, पळवून नेलेली मुलं शोधून आणली. त्यातलं बरंचसं आता एकमेकांत मिसळून गेलंय. कुठला आरोपी कुठल्या गावचा, हे बायकोने आठवण करून दिल्याशिवाय सांगता येत नाही. आलमबागच्या त्या रांगेतले चेहरे मात्र अजून एकेक करून डोळ्यांपुढे येतात. त्या प्रकरणात रक्ताचा थेंब सांडला नव्हता, कुणी कुणावर हात उचलला नव्हता. तरी निवृत्तीनंतर ज्या एका केसने माझी पाठ सोडली नाही ती हीच.

माझे वडील साताऱ्याहून लखनौच्या एका संशोधन संस्थेत नोकरीला आले आणि इथलेच झाले. मी उत्तर प्रदेश पोलिसांत दरोगा म्हणून, म्हणजे आपल्याकडच्या भाषेत फौजदार म्हणून भरती झालो. घरात मराठी, ठाण्यात हिंदी, आणि राग आला की दोन्ही. या हकिकतीत नाव कुणाचंच घालत नाही. माणसं याच शहरात राहतात, भाजी घेताना समोर येतात.

परप्रांतातल्या मराठी माणसांची एक खोड आधी सांगतो, कारण पुढे तिचं काम पडणार आहे. दुकानात साडी बघताना ‘लुटतोय मेला, उठ’ हे आम्ही दुकानदाराच्या तोंडावर खुशाल मराठीत बोलतो. घरमालकासमोर भाड्याची, पाहुण्यांसमोर पाहुण्यांची चर्चा मराठीतच. मराठी म्हणजे आमचं कुलूप. किल्ली आपल्याखेरीज कुणाकडे नाही अशी प्रत्येक घराची खात्री असते. मीही तसंच करत आलो आहे.

तेव्हा मी आर्थिक गुन्ह्यांच्या शाखेत इन्स्पेक्टर होतो. दसरा होऊन गेला होता. लखनौतल्या आलमबागच्या बाजारात एक पतसंस्था होती. बाहेर बँकेसारखी मोठी पाटी, दारात दुनळी बंदूक घेतलेला पहारेकरी, आत काचेचे काउंटर. व्याज बँकेपेक्षा जरा चढं. रेल्वेतून निवृत्त झालेले लोक, छोटे दुकानदार, घरी शिवणकाम करणाऱ्या बायका, सगळ्यांचा पैसा तिथे. धनतेरसला अध्यक्ष स्वतः दारात उभे राहून प्रत्येक ठेवीदाराला मिठाईचा डबा देत. त्या डब्याचं लोकांना फार अप्रूप होतं.

एका सकाळी तिथल्या ठाण्यावरून फोन आला. “सर, सोसाइटी के बाहर भीड़ लग गई है। सब पैसा निकालने आए हैं।”

मी पोहोचलो तेव्हा रांग दारातून निघून मेट्रोच्या खांबाला वळसा घालून पलीकडे गेली होती. दंगलीचा जमाव मी ओळखतो, तो ओरडतो. ही रांग गप्प होती. प्रत्येकाच्या हातात पासबुक, आणि नजर पुढच्या माणसाच्या मानेवर. पुढचा अर्धं पाऊल सरकला की मागची सगळी माणसं अर्धं पाऊल सरकत. एका म्हाताऱ्याची बायको त्याला घरून पराठे घेऊन आली होती, पण तो हात धुवायलाही रांग सोडेना. शिवणकाम करणाऱ्या एका बाईने माझी बाही धरून विचारलं, “भैया, मिल जाएगा न?” मी वर्दीत होतो, म्हणून तिला वाटलं मला माहीत असणार.

संस्थेचा व्यवस्थापक मराठी होता. गणपतीत आरतीला झांजा वाजवणारा, पन्नाशीचा, सडपातळ गृहस्थ. आमची तोंडओळख होती. तो दारात स्टुलावर चढला आणि त्याने मोठ्याने सांगितलं, “सब ठीक है। घबराने की कोई बात नहीं। सबका पैसा मिलेगा।” हे वाक्य संपायच्या आत रांग दाराकडे रेटली गेली. जे आतापर्यंत शांत उभे होते, तेही घाबरले. ‘घाबरू नका’ असं सांगायची वेळ आली आहे, एवढंच लोकांनी ऐकलं.

दुपारी रोकड संपली. शटर खाली आलं.

संध्याकाळी अध्यक्ष वरिष्ठांच्या कार्यालयात हजर झाले. पांढरे कपडे, कपाळाला गंध, बोलणं लखनवी. संस्था भक्कम आहे, कुणीतरी दुष्टाव्याने अफवा पसरवली, तो माणूस शोधा, अशी त्यांची तक्रार. अज्ञात इसमाविरुद्ध गुन्हा दाखल झाला आणि तपास माझ्याकडे आला. वरिष्ठ म्हणाले, “दिवाली से पहले अफ़वाह फैलाने वाला चाहिए। एक को पकड़ लो, बाज़ार ठंडा हो जाएगा।” एखादा पकडला की बाजार शांत होतो, हा आमच्या खात्याचा फार जुना समज आहे.

अफवेचा माग काढणं हे चोराचा माग काढण्यापेक्षा अवघड. चोराला आपण चोरी केली हे ठाऊक असतं. अफवा सांगणाऱ्याला आपण उपकार करतोय असंच वाटत असतं. ज्याला विचारावं तो दुसऱ्याकडे बोट दाखवायचा. मेहुण्याने सांगितलं, समोरच्या केमिस्टने सांगितलं, मोबाईलवर आलं. तीनचार दिवस आम्ही असेच गोल गोल फिरलो. मग बाजारातला माझा एक जुना खबरी भेटायला आला. त्याने एकच गोष्ट सांगितली.

“साहब, यह मत पूछिए कि किसने कहा। यह पूछिए कि सबसे पहले निकाला किसने। पाइप वाले लालाजी दो दिन पहले झोला भर के ले गए थे। बग़ल वालों ने देखा, बस।”

लालाजींचं नळ आणि पाईपचं दुकान. त्यांना ठाण्यात बोलावलं, चहा दिला. सज्जन माणूस, घाम पुसत होता. “हम तो व्यापारी आदमी हैं साहब, त्योहार का माल भरना था, सो निकाल लिया।” मी विचारलं, माल कुठे आहे? गोदामात तर जुनाच माल पडलेला. मग म्हणाले, बाजारात ऐकलं. कुणाकडून? आठवत नाही. व्यापाऱ्याला उधारी राहिलेल्या प्रत्येकाचं नाव पाठ असतं. लाखमोलाची खबर देणाऱ्याचं नाव तो विसरेल कसा? तो कुणाला तरी पाठीशी घालत होता, आणि माणूस इतक्या निकराने पाठीशी घालतो तो बहुधा लेकरालाच. मी खबऱ्याला लालाजींच्या घरची चौकशी करायला सांगितलं. उत्तर आलं, “एक ही बिटिया है साहब। अलीगंज में ब्याही है, मराठियों के यहाँ।”

ते घर म्हणजे व्यवस्थापकाच्या मोठ्या बहिणीचं घर होतं.

मी साध्या कपड्यांत अलीगंजला गेलो. दार उघडणाऱ्या बाई पासष्टीच्या पुढच्या, विधवा. यजमान सरकारी कंपनीत होते. त्यांचा फंड आणि ग्रॅच्युइटी, सगळं भावाच्या पतसंस्थेत. दर महिन्याचं व्याज आणायला त्या स्वतः बसने आलमबागला जात. “मुलगा चांगला आहे हो,” त्या म्हणाल्या, “पण औषधाला, देवाला, माहेरच्या आहेराला सुनेपुढे हात पसरायला नको. एवढं एकच माझं मला होतं.” ‘होतं’ म्हणताना त्यांनी पदर नीट केला.

मी विचारलं, “संस्था बुडतेय हे तुम्हाला आधी कळलं होतं?”

बाई खोटं बोलणाऱ्यांतल्या नव्हत्या. रांग लागायच्या आदल्या आठवड्यात भावजयीचा मोबाईलवर निरोप आला होता, तिच्या आवाजातला. त्यांनी तो मला लावून दाखवला, तोही मोठ्या आवाजात, कारण त्या वयाची माणसं असे निरोप मोठ्यानेच ऐकतात. ‘वन्सं, हे काही बोलत नाहीत, पण जेवण उतरत नाहीये त्यांच्या घशाखाली. झोपेत प्लॉट, प्लॉट करतात. तुमचे पैसे काढून घ्या. यांना सांगू नका मी बोलले ते.’

“मग तुम्ही काढले का नाहीत?”

“भावाला विचारलं ना. त्याच संध्याकाळी फोन केला. म्हटलं, खरं सांग रे, काही कमीजास्त आहे का? तो म्हणाला, सगळं ठीक आहे, ताई. मग कशाला काढू? माझा भाऊ आहे तो.”

“आणि निरोपाचं कुणाला सांगितलंत?”

“शपथ घेते, कुणालाही नाही. घरात मी आणि सून. तिला कुठे मराठी येतं!”

सून स्वयंपाकघरात चहा करत होती. बाईंनी माझ्यासाठी दोन चमचे साखर घालायला हिंदीत सांगितलं होतं. मी हळू आवाजात बाईंना मराठीत म्हटलं, “साखर माझी बंद केलीय डॉक्टरांनी, पण असू दे, पोरीला उगाच त्रास नको.”

सून ट्रे घेऊन आली. माझ्यापुढे कप ठेवत आदराने म्हणाली, “अंकल, आपकी फीकी है।”

फीकी, म्हणजे बिनसाखरेची. बाईंच्या हातातली बशी वाजली. त्या सुनेकडे बघत राहिल्या. सुनेच्याही लक्षात आलं. ती तशीच उभी, ट्रे छातीशी धरून.

“कब से?” बाईंनी विचारलं.

“शादी के दूसरे साल से समझने लगी थी, आई।”

लग्नाला नऊदहा वर्षं झालेली. इतकी वर्षं बाई तिच्यादेखत फोनवर तिच्या माहेराविषयी, तिच्या हातच्या भाजीविषयी, मूल होत नाही त्याविषयी मराठीत बोलत आल्या होत्या. ते सगळं त्या क्षणी बाईंना आठवलं असावं. अनेक आरोपींना मी खजील होताना पाहिलं आहे, पण तसा खजीलपणा पुन्हा पाहिला नाही.

सुनेने सगळं सांगितलं, आणि न रडता. निरोप तिने ऐकला. बापाचा सारा धंदा त्याच पतसंस्थेच्या खात्यावर. तिने वडिलांना फोन केला. “आई से कहना चाहती थी कि आप भी निकाल लीजिए। पर कैसे कहती? मुझे तो मराठी आती नहीं थी।”

माग पुरा झाला होता. व्यवस्थापकाच्या बायकोने नणंदेला सांगितलं, सुनेने बापाला सांगितलं, बाप रोख रक्कम घेऊन बाहेर पडला आणि शेजाऱ्यांनी ते पाहिलं. ज्याच्यावर जीव होता त्यालाच प्रत्येकाने सावध केलं. यात दुष्टावा शोधून सापडेना. आता एकच प्रश्न उरला होता, आणि तक्रारीत नेमका तोच नव्हता. ही अफवा होती की खरी गोष्ट?

व्यवस्थापकाला मी चौकशीला बोलावलं तेव्हा तो शर्ट इस्त्री करून आला. मी एवढंच म्हटलं, “तुम्ही झोपेत प्लॉट प्लॉट करता, असं ऐकतो.” मग बोलायला लागला तो थांबेचना. चौकशीत ओरडावं लागतं, मारावं लागतं, हा सिनेमाचा समज. वर्षानुवर्षं सगळं मनात कोंडून ठेवणाऱ्या माणसाला फक्त खुर्ची द्यावी लागते.

लोकांनी ठेवी ठेवल्या होत्या वर्षाच्या, सहा महिन्यांच्या. हवं तेव्हा मोडता येतील अशा. संस्थेने तो पैसा दिला होता सरोजिनी नगरच्या पुढे, कानपूर रोडच्या बाजूला जमिनी घेणाऱ्यांना. विमानतळ जवळ, भाव दरवर्षी चढते. कर्ज घेणारे बहुतेक अध्यक्षांच्या ओळखीचे. भाव चढत होते तोवर सगळेच शहाणे होते: कर्ज घेणारे, देणारे, तपासणारे आणि जादा व्याज खाणारे ठेवीदारसुद्धा. मग प्लॉट विकले जाईनात. हप्ते थांबले. तेव्हा जुनं कर्ज फिटल्याचं दाखवायला त्याच माणसाला नवं कर्ज दिलं गेलं. कागदावर संस्था नफ्यात, धनतेरसला डबे वाटले जात होते.

“मी बैठकीत दोनदा बोललो, साहेब. अध्यक्ष हसले. म्हणाले, आप मराठी लोग डरते बहुत हैं। आणि मी सही केली.”

“का?”

“वाटलं, एक चांगलं वर्ष मिळालं की निस्तरेल. दर वर्षी तेच वाटायचं.”

“तुमचे स्वतःचे पैसे?”

“तिथेच आहेत. मी कसा काढणार? मी काढले असते तर दुसऱ्या दिवशी शटर पडलं असतं.”

“आणि बहिणीला?”

त्याने मान वर केली नाही. “तिला सांगितलं असतं तर काउंटरवरच्या बाकीच्या बायकांना काय सांगितलं असतं? मी प्रामाणिक राहिलो, साहेब.”

मला त्याची दया आली आणि संतापही आला. खोट्या कागदावर सही करताना याचा प्रामाणिकपणा कुठे गेला होता? आणि सगळ्यांशी खोटं बोलत असल्यामुळे सख्ख्या बहिणीशीही खोटं बोलायचं, हा कसला प्रामाणिकपणा? तसं मी त्याच्या तोंडावर म्हणालो. पोलिसासमोरचा कबुलीजबाब कोर्टात टिकत नाही हे त्यालाही माहीत होतं. हेच सगळं मॅजिस्ट्रेटपुढे सांगायला तो आपण होऊन तयार झाला. अध्यक्ष, संचालक आणि तो, अशांवर फसवणुकीचा दुसरा गुन्हा दाखल झाला. अध्यक्षांच्या मात्र अटकेआधी छातीत दुखू लागलं आणि ते एका खासगी इस्पितळात दाखल झाले. मोठ्या माणसाचं हृदय वॉरंट निघाल्यावरच नाजूक होतं. लॉकअपमध्ये गेला तो व्यवस्थापक एकटा.

सहकार खात्याने संस्थेवर प्रशासक म्हणून एक बाई नेमल्या. बोलायला करड्या, समोरच्याला खुर्ची द्यायलाही विसरणाऱ्या. आल्या दिवशी त्यांनी पैसे काढण्यावर मर्यादा घातली. सर्वांना थोडे थोडे, कुणालाच जास्त नाही. लोकांनी त्यांच्या गाडीवर चपला फेकल्या. मलाही ते क्रूर वाटलं. लोकांचाच पैसा, तो त्यांनाच अडवायचा? तसं मी त्यांना विचारलं.

“इंस्पेक्टर साहब,” त्या म्हणाल्या, “बीमारी दो हैं और लक्षण एक। दोनों में बाहर लाइन लगती है।”

मग त्यांनी मला समजावलं. एखादी बँक भक्कम असते. तिचा पैसा कुणाच्या दुकानात, कुणाच्या घरात नीट गुंतलेला असतो, फक्त आज हातात रोकड नसते. कारण सगळे एकाच दिवशी मागायला येतील हे कुणी धरलेलंच नसतं. तिथे सरकारने, मोठ्या बँकेने उघडपणे मागे उभं राहावं, रोकड पुरवावी. लोक परत जातात. दुसरीचा पैसा बुडालेलाच असतो. तिला रोकड पुरवणं म्हणजे फुटक्या घागरीत पाणी ओतणं. तिथे तोटा लवकर उघडा करायचा, नवं कर्ज थांबवायचं आणि उरलेलं सर्वांत सारखं वाटायचं. पहिल्या आजारात उशीर केला तर चांगली बँक मरते, आणि दुसरा आजार लपवला तर तो शेजारच्या चांगल्या बँकांनाही लागतो. त्या आठवड्यात आलमबागच्या आणखी दोन भल्या संस्थांबाहेर लोक जमायला लागले होते, ते मी पाहिलंच होतं. बँकेतल्या ठेवीला निदान ठरावीक रकमेपर्यंत विम्याचं कवच असतं. इथे तेही नव्हतं. पाटी बँकेसारखी होती, एवढ्यावर लोक निर्धास्त राहिले.

“असली इलाज तो तब होता है जब दाम चढ़ रहे हों,” प्रशासक बाई म्हणाल्या. “तब कहो कि एक ही इलाक़े की ज़मीन पर इतना मत बाँटो, तो कोई सुनता नहीं। तब सब मिठाई खा रहे होते हैं।” मग म्हणाल्या, “और अब? जो दौड़ा, वह पूरा ले गया। जो भरोसे बैठा रहा, वह सबका घाटा भरेगा।”

मला अलीगंजच्या बाई आठवल्या. मी तिथे अधिक बसलो नाही.

वरून फोन येतच होते. अफवेच्या गुन्ह्याचं काय? ती पाईपवाल्याची मुलगी सापडली आहे, तर तिला उचला. पेपरात फोटो येईल, लोकांचा राग एका ठिकाणी जाईल. मी केस डायरीत लिहिलं की सदर महिलेने सांगितलेली माहिती तपासात खरी निघाली आहे, सबब ती अफवा ठरत नाही. वरिष्ठांनी मला बोलावून घेतलं आणि म्हणाले, “बहुत क़ानून पढ़ लिया है आपने।” दिवाळीनंतर माझी बदली झाली. त्याचं मला काही वाटलं नाही. पोलिसाची बोचकी अर्धी बांधलेलीच असतात.

बदलीच्या आधी ती भाऊबीज आली. व्यवस्थापक आमच्या ताब्यात होता. सकाळी हवालदार माझ्या खोलीत आला. “साहब, बाहर दो लेडीज़ हैं, थाली लेकर। भैया दूज है साहब, आज तो जेल में भी बहनों को नहीं रोकते।”

बाई आणि त्यांची सून. सुनेच्या हातात तबक: निरांजन, सुपारी, अक्षता, वाटीत करंज्या. लॉकअपपाशी ज्योत लावू देणं बरं नव्हतं, म्हणून मी त्याला माझ्या खोलीत आणवलं. दाढी वाढलेली, शर्टाची इस्त्री गेलेली. हवालदाराने रिकामी खुर्ची पुढे ओढली आणि आपली टोपी त्याच्या डोक्यावर ठेवली, कारण ओवाळताना डोकं उघडं नसावं हे त्याच्याही गावात पाळतात. पोलिसाच्या टोपीखाली बसलेला तो आरोपी मी विसरू शकत नाही.

बाईंनी कुंकू लावलं, अक्षता लावल्या, सुपारी फिरवली. ओवाळायला तबक उचललं तसा त्याचा हात सवयीने खिशाकडे गेला. खिसे रिकामे होते; अटकेच्या वेळी झडती घेऊन सगळं आम्हीच जमा केलं होतं. माझा हात माझ्या पाकिटाकडे गेला. बाईंनी मला नजरेनेच थांबवलं.

“पैसे नकोत मला ओवाळणीत,” त्या भावाला म्हणाल्या. “एक सांग. त्या संध्याकाळी मी फोन केला, तेव्हा तुला माहीत होतं का?”

खोलीत मी, हवालदार आणि सून. तो आमच्याकडे बघू लागला, कुणीतरी त्याला यातून सोडवील अशा आशेने.

“माहीत होतं, ताई.”

“मग?”

“मी खुर्चीवर होतो, ताई. खुर्चीवर बसून दुसरं काही बोलता येत नाही.”

“मी खुर्चीला फोन नव्हता केला रे,” बाई म्हणाल्या. “माझ्या भावाला केला होता.”

आणि त्यांनी ओवाळलं. नेमाप्रमाणे पूर्ण ओवाळलं. करंजी त्याच्या तोंडात घातली. ती तशीच गालात धरून तो बसला होता. हिंदी हवालदाराला मराठी कळलं नव्हतं, तरी तो भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. सुनेने निरांजन शांत केलं आणि सासूचा हात धरून तिला पायऱ्या उतरवून नेलं. त्या दिवशी मी दुपारपर्यंत एकही कागद पुढे ओढला नाही.

मी अर्थशास्त्री नाही. मोठमोठ्या बँका का कोसळतात, देशच्या देश का दिवाळखोर होतात, यावर विद्वान लिहितात ते मी आता वाचतो, अर्धं समजतं. त्यात जमिनीचे भाव असतात, फुगलेली कर्जं असतात, झोपलेले तपासनीस असतात, आणि ते सगळं आमच्या आलमबागेतही होतं. पण पोलिसाला शेवटी माणसं दिसतात. मला दिसलं ते असं की संकट रांग लागली त्या दिवशी आलं नव्हतं. पहिलं बुडीत कर्ज नवं म्हणून लिहिलं गेलं त्या दिवशी ते आलं होतं, आणि त्यावर दरवर्षी कुणीतरी ‘सगळं ठीक आहे’ म्हणून झाकण ठेवत गेलं. धीर देणं हा सरकारचा, बँकेचा धर्म आहे, तो हवाच. पण ज्याने चांगल्या दिवसांत खरं सांगितलं असेल त्याच्याच धीराला वाईट दिवसांत किंमत येते. नाहीतर तो स्टुलावर चढून ओरडतो आणि रांग पुढे रेटली जाते.

खटला अजून चालू आहे. अध्यक्षांची प्रकृती सुधारली असून ते लग्नकार्यांत दिसतात. ठेवीदारांना प्रशासकाकडून अधूनमधून थोडेफार पैसे मिळतात. शिवणकाम करणारी ती बाई मला एकदा आलमबागला भेटली, तिने मला ओळख दाखवली नाही.

अलीगंजला मी अधूनमधून जातो. बाईंचं औषधपाणी आता सूनच बघते, न सांगता बघते. तिच्यासमोर मराठीत फोनवर बोलणं बाईंनी थांबवलं आहे, पण तिच्याशी मराठीत बोलणं काही सुरू केलेलं नाही. भाऊ जामिनावर सुटला, तेव्हापासून अंथरुणालाच खिळल्यासारखा आहे. भाऊबीजेला बाई जातात, ओवाळतात, करंजी भरवतात. दोघं शेजारी बसून जेवतात.

पण भावाची तब्येत कशी आहे, हे त्या त्याला विचारत नाहीत. निघताना दारात थांबून भावजयीला विचारतात.